नव्या जावयाचं ताट

दम्मामहून सुट्टीवर आलेल्या इंबिच्चिकोयानं सासरी माडीवरच्या आपल्या खोलीचं दार ढकललं, तर आत परक्या माणसाचे बूट!

"तिकडे नाही, इक्का, खाली या," जिन्याखालून त्याची बायको कदीशबी ओरडली. "आपलं सामान मागच्या खोलीत लावलंय. वरची धाकट्या रैहानाला दिली. लग्न झालं ना तिचं."

मागची खोली म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीला भिंत, कांद्याची फोडणी थेट उशीवर. कोळिकोडच्या ह्या मोहल्ल्यात जावई बायकोच्या घरी राहतो आणि सगळ्यात नव्या जावयाला सगळ्यात चांगली खोली मिळते. इंबिच्चीला हे काय ठाऊक नव्हतं? पण ठाऊक असलं म्हणून पोटात दुखायचं थोडंच थांबतं!

जुम्म्याची नमाज आटोपून दोघे साडू जेवायला बसले. नौफल, म्हणजे रैहानाचा नवरा, बेपूरच्या लाकूडवखारवाल्यांचा मुलगा, गोरागोमटा आणि मान खाली घालून बसणारा. त्याच्यापुढे बशांची नुसती जत्रा. मधोमध अख्खी भरली कोंबडी. शेजारी पिवळ्या बलकाच्या गोड शेवयांचा ढीग, मुट्टमाला. साखरेच्या पाकात बलकाची अशी केसासारखी धार सोडणं ह्या घरात एकट्या कदीशबीलाच जमतं. तिकडे वाळवंटात पाव आणि डाळ गिळताना इंबिच्चीनं हिचीच आठवण काढली होती. आणि बाईसाहेबांनी केली कुणासाठी? बहिणीच्या नवऱ्यासाठी!

"इंबिच्ची, त्यांना वाढ ना," पडद्याआडून सासूबाई म्हणाल्या. नव्या जावयासमोर सासू येत नाही. "लाजतायत ते. कोंबडीची तंगडी मोडून दे त्यांना."

त्यांना! आणि मला अरे-तुरे. इंबिच्चीनं तंगडी अशी मोडली की रस्सा टेबलावर उडाला.

"नको, इंबिच्चीक्का, खरंच पोट भरलं," नौफल पुटपुटला.

"खा हो, अळिया, खा. नव्या साडूबुवांचे दिवस आहेत."

"आणि हे बघ, बर्फ संपलाय," पडदा पुन्हा बोलला. "कोपऱ्यावरून आण जरा. पळत जा, वितळेल."

झालं. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला थोरला जावई भर उन्हात बर्फ आणायला निघाला. तळ्याच्या काठानं परत येताना पिशवीतलं पाणी विजारीवर टपटपत होतं आणि ओट्यावर बसलेले म्हातारे त्याच्याकडे बघून हसत होते, निदान इंबिच्चीला तरी तसंच वाटलं. तो आत आला आणि थबकला. नौफल होता, बशा होत्या, कोंबडी होती. इंबिच्चीचं ताट मात्र नव्हतं. अर्धवट जेवलेलं ताट कुणीतरी उचलून, टेबल पुसूनसुद्धा घेतलं होतं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोली गेली, चला, ठीक. पण पानावरून उठवायचं? म्हणजे ह्या घरात आता आपली जागाच राहिली नाही. बर्फ टेबलावर आदळून तो तडक स्वयंपाकघरात शिरला. ह्या घरचा कुठलाही जावई आजवर तो उंबरा ओलांडून गेला नव्हता.

"माझं ताट कुठंय?"

खाली चटईवर एका मोठ्या परातीभोवती तिघी बसल्या होत्या. सासूबाईंच्या डोक्यावर पदर नाही, बाह्या वर सरकवलेल्या, हात कोपरापर्यंत भातात. त्या अजिबात दचकल्या नाहीत.

"ओरडतोस काय रे रेड्यासारखा?"

"मी काय गडी आहे ह्या घरचा? खोली त्याला, कोंबडी त्याला, मुट्टमाला त्याला! माझं ताटसुद्धा डोळ्यांत खुपलं का?"

कदीशबीला हसू आवरेना. "उम्मा, बघितलंत? मी म्हटलं होतं ना, हे जळून कोळसा होणार."

"अरे, त्या पाहुण्यासमोर तोंड शिवून तू काय जेवणार होतास, कपाळ?" सासूबाई म्हणाल्या. "तुझं ताट मीच आणलं आत. ह्या परातीत ओतलं. बस खाली. आणि आधी हात धू, बर्फवाल्याकडचे आहेत."

रैहाना सरकली. इंबिच्ची फुरंगटून बसला. परातीत भांड्याच्या बुडाची बिर्याणीची खरपूड होती, तांदळाच्या पातळ भाकऱ्या, तुटक्या पत्तिऱ्या होत्या आणि मुट्टमालेतून उरलेल्या पांढऱ्या बलकाची हिरवी मिरची घातलेली झणझणीत भुर्जी. सासूबाईंनी खरपुडीचा सगळ्यात मोठा पापुद्रा त्याच्यापुढे टाकला आणि अल्लाची शपथ घेऊन त्या नौफलच्या आईची नक्कल करायला लागल्या. लग्नात ही बाई आपल्याच हारात कशी अडकली होती ते! रैहानानं आपल्या सासूचा मान राखायचा म्हणून तोंडात मोठा घास कोंबला आणि दुसऱ्याच क्षणी तिला ठसका लागला. इंबिच्ची इतका हसला की भुर्जी नाकात गेली.

तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला. "इंबिच्चीक्का? तिकडे काय चाललंय? मी... मी पण येऊ का?"

सासूबाईंनी झर्रकन डोक्यावर पदर ओढला. रैहानानं आशेनं इंबिच्चीकडे पाहिलं.

इंबिच्चीनं परात हळूच आपल्याकडे ओढली.

"नका हो येऊ, अळिया," तो भरल्या तोंडानं ओरडला. "इथं काहीच नाही. सगळं उरलंसुरलं आहे."