धनेशचा ड्रम

मिनिटाला एक. गोटीरामनं घड्याळ लावून तीनदा मोजलं. जिन्याखाली पांढरा ड्रम, त्याच्या झाकणावर पाणी भरलेली वाकडी नळी आणि त्या नळीतून मिनिटाला एकच बुडबुडा. मागच्या आठवड्यात बारा होते.

ड्रमवर लेकाची, धनेशची चिठ्ठी चिकटवलेली होती. 'घरची बिअर. चौदा दिवस उघडू नये. कोणीही. म्हणजे बाबापण.' ती चिकटवल्यावर पाचव्या दिवशी धनेश तुर्भ्याला कंटेनरखाली गेला.

सुतकात घरात गॅस पेटला नाही. डाळभात भावकीतून यायचा. ड्रम मात्र आपला गुडगुडत होता. गोटीरामची थोरली बहीण बाळाबाई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "सुतकाच्या घरात ह्ये काय शिजतंय? गटारात वोता." झालं, अख्खी भावकी बसली. विस्तवाशिवाय शिजतं त्याला शिजवणं धरायचं का, यावर अर्धा तास खल झाला. शेवटी गोटीराम म्हणाला, "आक्के, चौदा दिस हात नाय लावायचा. लिवलंय त्यानं." गेलेल्या माणसाच्या लेखी सूचनेपुढं कोणाचं काही चाललं नाही.

आज चौदावा दिवस. सकाळी दहावं उरकलं आणि दुपारी धनेशचा मित्र इंद्रजित साखर मोजायचा काचेचा मीटर घेऊन आला. झाकण काढून त्यानं मीटर आत तरंगवला आणि आकडा तळहातावर लिहून घेतला.

"झाली काय?" गोटीरामनं विचारलं.

"एका दिवसात नाय कळत, काका. उद्या परत बघायचं. आकडा तोच आला की समजायचं, आतलं सगळं थांबलं. मग बाटल्यांत भरायची."

"थांबलं म्हंजे?"

"यीस्ट साखर खातं. साखर संपली की गप बसतं."

"मंग बुडबुडं?"

"मग कसले बुडबुडे, काका."

गोटीरामनं मान हलवली. समजलं होतं त्याला.

दुसऱ्या दिवशी इंद्रजित आला तेव्हा नळी दारापासूनच ऐकू येत होती. त्यानं मीटर टाकला. तळहात पाहिला. मीटर पुसून परत टाकला.

"काका, आकडा चढलाय. हा फक्त उतरतो."

गोटीराम भिंतीकडं बघत होता. भिंतीवर काही नव्हतं.

"साखर टाकलीत?"

"वाटीभर," गोटीराम म्हणाला. "काल सांजच्याला. संपली म्हनलास ना तू."

इंद्रजित पुन्हा मीटरवर वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. "एका वाटीनं एवढा नाय चढत."

स्वयंपाकघरातून मालतीबाईंचा आवाज आला. "दोन मी टाकल्या. सकाली. हे अंघोलीला गेलते तवा."

गोटीरामनं वळून बायकोकडं पाहिलं. दहा दिवसांत दोघांनी एकमेकांकडं धड पाहिलं नव्हतं.

इंद्रजितनं झाकण बसवलं आणि कडेकडेनं दाबत गेला. दाबून झालं तरी दाबत राहिला. "आता परत दोन आठवडे तरी बघायला नको," तो ड्रमलाच सांगितल्यासारखा म्हणाला. "असंच टाकत राहिलात तर चव पार जाईल, काकी."

"जाऊ दे," मालतीबाई म्हणाल्या. "आमाला कुठं पियाची हाय."