डाव्या भुवईवरचा व्रण

संध्याकाळी पाच वाजता मालिका काढली जाणार होती, कंपनीच्या यादीतून आणि पाहणाऱ्यांच्या डोक्यातूनही. कानामागच्या चिपमधून मालिका पाहायची, तर ही अट मान्य करावीच लागे. शाल्मली त्या मालिकेची नायिका. घरातला चेहरा आणि मालिकेतला चेहरा यांतला फरक चिपला कळत नसे.

दिगंबररावांनी लेकीचे सहाशे भाग एकही न चुकवता पाहिले होते. कमलताईंनी एकही पाहिला नव्हता; त्या डबा घेऊन रोज सेटवरच बसायच्या.

“अहो, पुन्हा एकदा म्हणून दाखवा,” त्या म्हणाल्या.

“डाव्या भुवईवर व्रण. लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती. व्रण दिसला की ती आपली शाल्मली.”

पाच वाजून गेले. बेल वाजली, तेव्हा दार दिगंबररावांनीच उघडलं.

शाल्मली नव्या मालिकेच्या शूटिंगवरून धावतपळत, मेकअपसकट तशीच आली होती. “बाबा?”

त्यांनी तिची डावी भुवई निरखून पाहिली. तिथे काहीच नव्हतं.

“कोण हवंय आपल्याला?” त्यांनी अदबीने विचारलं.

कमलताईंनी पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि लेकीची भुवई पुसायला घेतली.