चाळीस व्याख्यानांचा धनी

सव्विसावा विषय अकरा सेकंदांत मंजूर झाला. अधिष्ठात्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघून कागदाच्या कडेला अकराचा आकडा टिपला. तीन वर्षांची पदवी चार वर्षांची झाली, आणि तेवढ्यात शेजारच्या प्राध्यापकांचं तोंडातलं बिस्किटही संपलं नव्हतं.

विद्यापरिषदेच्या लांबलचक टेबलाभोवती एकतीस विद्वान बसले होते. प्रत्येकापुढे दोनशे बारा पानांची विषयपत्रिका. ती आतापर्यंत चौघांनी उघडली होती. पैकी दोघांनी वारा घ्यायला. अधिष्ठात्यांना या मंडळींचा मनापासून तिटकारा होता आणि तितकाच आधारही. न वाचणाऱ्या माणसांकडून वाटेल ते मंजूर करून घेता येतं.

सत्ताविसावा विषय त्यांचा स्वतःचा होता. सात आठवडे खपून त्यांनी मसुदा घोटला होता. ज्या विषयाची सगळी व्याख्यानं चित्रित होऊन ऑनलाइन पदवीसाठी तयार आहेत, तो शिकवणाऱ्याचं पद आजपासून रद्द. ते पद नव्या ऑनलाइन केंद्राच्या संचालकाला. आणि ज्याचं पद रद्द झालं, त्याला केंद्रात घ्यायचं नाही.

असा तयार विषय आज एकच होता. संख्याशास्त्र. म्हणजेच शंकासूर.

हे नाव अधिष्ठात्यांनीच पाडलं होतं. संख्याशास्त्राचे म्हातारे विभागप्रमुख एकोणीस वर्षं दर बैठकीत दर विषयावर शंका काढत आले होते. तेवढंही चाललं असतं. पण त्याच विभागात अधिष्ठात्यांचे जावई नोकरीला होते, आणि त्यांचा प्रबंध शंकासुराने दोनदा परत पाठवला होता. दुसऱ्यांदा तर शेरा मारला होता, ‘टंकलेखन सुबक.’

संचालकाची खुर्ची जावयासाठीच होती. ती आता निकडीची झाली होती. आज सकाळीच मुलीचा फोन आला होता.

“पपा, दोन महिने झाले, रोज उशिरा घरी येतात. नवा कोट शिवलाय. शर्टाच्या कॉलरला पावडर लागलेली असते! विचारलं तर नुसते हसतात. म्हणतात, कळेल लवकरच.”

“रडू नकोस,” अधिष्ठाते म्हणाले होते. “आज संध्याकाळपर्यंत त्याच्यावर इतकी जबाबदारी टाकतो की ही सगळी थेरं बंद होतील.”

शंकासुराला गळाला लावणं त्यांना वाटलं त्याहून सोपं गेलं होतं. “सर, तुमच्या विषयाची व्याख्यानं पुढच्या पिढ्यांसाठी जपायलाच हवीत,” एवढंच ते म्हणाले. म्हातारा चक्क हरखला. आयुष्यात पहिल्यांदा एकही शंका न काढता कामाला लागला आणि दोन महिन्यांत चाळीस व्याख्यानं आणून दिली. अधिष्ठात्यांनी ती मोजून घेतली. चाळीसच्या चाळीस, प्रत्येकी पन्नास मिनिटं. बघत बसण्याइतके ते रिकामे नव्हते.

“सत्तावीस,” कुलगुरू म्हणाले. “कुणाचं काही?”

शंकासुराचा हात वर गेला.

“झालं!” वनस्पतिशास्त्राच्या बाई पुटपुटल्या. “आता जेवण गार होणार.”

“माझा विरोध नाही,” शंकासूर म्हणाला. सगळ्या टेबलाने माना वळवल्या. “एक बारीकशी दुरुस्ती. आमच्याकडे हा विषय चौघं शिकवतात. व्याख्यानं देणारा एक, आणि टांगती तलवार चौघांवर, हे काही बरं नाही. या व्याख्यानांत जो शिकवताना दिसेल त्याचंच पद रद्द होईल, बाकीच्यांना धक्का लागणार नाही, असं स्वच्छ लिहा.”

अधिष्ठात्यांनी घाईघाईने मसुद्याचं पान उलटून पाहिलं. त्या चौघांत जावई होते! सात आठवडे घोटलेल्या मसुद्यात एवढं मोठं भगदाड राहिलं होतं, आणि ते बुजवायला हा खुळा म्हातारा स्वतः पुढे आला होता. आपली मान स्वतःच मापात बसवून देत होता.

“अनुमोदन!” ते जवळजवळ ओरडलेच. “फार मोठ्या मनाची दुरुस्ती आहे.”

“विचार करून देताय ना?” शंकासुराने चष्म्यावरून बघत विचारलं. “मंजूर झालेला ठराव दोन वर्षं उघडता येत नाही. नियम तुमचाच आहे.”

“सर, तुमच्या शब्दावर आमचा पूर्ण विश्वास आहे.”

“अरे वा. एकोणीस वर्षांत आज बसला.”

टेबलभर हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने अधिष्ठातेच हसले. दुरुस्तीसकट विषय नऊ सेकंदांत मंजूर झाला. आजचा उच्चांक. त्यांनी नऊभोवती गोल काढला.

आता थोडं औदार्य दाखवायला हरकत नव्हती. ते उठून उभे राहिले. “कुलगुरू महोदय, जेवणाआधी पहिल्या व्याख्यानाची दोन मिनिटं आपण सगळ्यांनी बघावीत. विभागाने एवढे कष्ट घेतलेत. जो माणूस आपली जागा सोडून ज्ञान मागे ठेवतो, त्याला टाळ्या तर मिळायलाच हव्यात.”

“माझी काहीच हरकत नाही,” शंकासूर म्हणाला. “मी फक्त टिपणं दिली. मला कुठलं जमतंय कॅमेऱ्यासमोर?”

ते वाक्य टाळ्यांत बुडून गेलं. तंत्रज्ञाने दिवे घालवले. अधिष्ठाते उभ्यानेच टाळ्या वाजवत होते.

पडदा उजळला. नवा कोट घातलेले, चेहऱ्यावर पावडर थापलेले जावई कॅमेऱ्याला हात जोडून हसले. “नमस्कार. पुढची चाळीस व्याख्यानं तुम्हाला मीच शिकवणार आहे.”