वामकुक्षीवर पीएचडी

'ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली वामकुक्षी' हा माझ्या पीएचडीचा विषय. माझ्या गाईड सीमंतिनी मॅडमना तो मुळीच पटेना.

"सुश्रुत, आता दुपारी कोण झोपतं रे? ते सरदारांचे लाड होते, त्यांच्याबरोबर गेले. उद्या दुपारी घरोघरी जाऊन विचार. झोपणारं कोणी भेटलं नाही, तर विषय बदलायचा!"

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपायच्या सुमारास निघालो. खासगी बाजारापासून दाना ओलीपर्यंत झाडून सगळ्या मराठी घरांच्या बेल वाजवल्या, कड्या खडखडवल्या. एकानंही दार उघडलं नाही. प्रश्नावली कोरीच्या कोरी!

रडकुंडीला येऊन थेट मॅडमचं घर गाठलं. बऱ्याच वेळानं त्यांच्या यजमानांनी दार जरासं किलकिलं केलं.

"काका, मॅडमना सांगा ना, एक भी आदमी नहीं मिला! आता विषय बदलावाच लागणार!"

काकांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

 

"अरे, हळू बोल! ती चारला उठते. त्याआधी जाग आली, तर तुझी पीएचडी जाईल आणि माझा चहा."