शेजारच्या सीटसमोरचा पत्रा

आमची गाडी धाकटीच्या जन्माआधीची. आता धाकटीचेही केस पिकायला लागले. "आता तरी ती विकून टाका," असा मी धोशा लावला, तेव्हा हे म्हणाले, "मेकॅनिक म्हणेल तसं करू." ह्यांचा सगळा जीव तिच्यात, पण एवढ्या म्हातारीला कोण पास करणार, म्हणून मी निर्धास्त होते.

मेकॅनिकने गाडीखाली शिरून टॉर्च मारला. "इंजिन ठणठणीत आहे, काकू. ब्रेकही फारसे झिजलेले नाहीत. फक्त शेजारच्या सीटसमोरचा पत्रा पार गेलाय. तिथे काही जड ठेवता का?"

"तिथे ही बसते," हे म्हणाले. "मी गाडी चालवतो आणि ही जन्मभर पाय रोवून ब्रेक दाबते."

मेकॅनिक हसू आवरत हात पुसू लागला. मला मात्र आजवर समोर आलेले सगळे ट्रक, सायकली, कुत्री आठवली. एकालाही आमचा धक्का लागला नव्हता, आणि त्याचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःलाच देत आले होते.

"मग काय करायचं?" ह्यांनी मला विचारलं. आवाज जरा बारीकच होता.

"पत्रा बदला," मी मेकॅनिकला सांगितलं. "आणि चांगला जाड टाका."