स्वल्पविराम

"पुन्हा तेच!" निवेदिताने खाडकन बटण दाबून टेप बंद केली. "हे मागचं पोरीचं बोलणं सगळ्या टेपांमधून काढून टाका."

"सरी, अक्का, काढतो," रघुनंदन म्हणाला. मल्लेश्वरमच्या त्या अभिलेखागारात जुने आवाज साफ करायचं काम त्याच्याकडे होतं.

टेपा निवेदिताच्या आईच्या. अ‍ॅडव्होकेट कावेरी संकेश्वरकर. बायकांचे खटले लढणारी, बायकांवर पुस्तकं लिहिणारी. गेल्या वर्षी ती गेली आणि तिचे कागद, टेपा, सगळं इथे आलं. अर्ज असो की लेख, ती टेपवर बोलून ठेवायची, विरामचिन्हांसकट. सकाळी सुभद्राबाई ते टाइप करायच्या. आता हे सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. त्याआधी काय गाळायचं, ते लेकीने सांगायचं होतं.

आतापर्यंतच्या प्रत्येक टेपमध्ये मागून एक बारीक आवाज यायचा, "आई, झालं?" त्यावर आईचं ठरलेलं, "स्वल्प थांब गं निवी." कानडीत स्वल्प म्हणजे जरासं. एवढं म्हणून पुन्हा अर्ज सुरू. वकिलाच्या पोटी जन्म घ्या, घरातसुद्धा तारीखच मिळते! भुकेली निवी सतरंजीवर बसून असायची. 'स्वल्प' ऐकलं की आई आपल्याशीच बोलतेय असं वाटून चटकन उठायची. मग पुढे 'विराम' यायचा आणि ती मुकाट खाली बसायची.

आठव्या वर्षी तिची रवानगी झाली धारवाडच्या वसतिगृहात. आणि कोण ही बाई? तर दुसऱ्यांची लेकरं कोर्टातून आयांना परत मिळवून देणारी! हा राग निवेदिताच्या मनातून कधी गेलाच नाही. आई गेली तेव्हाही तिला रडू आलं नव्हतं. पण या टेपा ऐकायला लागल्यापासून जयनगरच्या रिकाम्या फ्लॅटमध्येही मागून कुणीतरी 'स्वल्प थांब' म्हणतंय असा भास व्हायचा. ती दचकून वळायची. तिला भीती वाटायची, अगदी खरीखुरी.

रघुनंदनने शेवटची टेप लावली. आवाज तोच, खणखणीत. "मूल सासरी ठेवून घेतलं, स्वल्पविराम, अर्जदाराला घराबाहेर काढलं, पूर्णविराम."

मग पंख्याची घरघर.

"झालं गं निवी," आई म्हणाली. "चल ये, वाढते तुला."

निवेदिता यंत्राकडे वळली. हे वाक्य तिने आजवर एकाही टेपमध्ये ऐकलं नव्हतं.

टेपवर कुणीच ओ दिली नाही. पंखा तेवढा फिरत राहिला. बऱ्याच वेळाने आई पुन्हा बोलली, पण हळू. "सुभद्राबाई, हे शेवटचं गाळा. सवयीने बोलले."

रघुनंदनने टेपच्या डबीवरचं वर्ष वाचून दाखवलं.

"मी धारवाडला गेले, त्याच्या पुढचं वर्ष," निवेदिता म्हणाली. "घरात कुणीच नव्हतं तेव्हा."

रघुनंदन घुटमळला. "मॅडम स्वतःच गाळा म्हणतायत, अक्का. गाळू?"

"काही गाळू नका. त्या पोरीचंसुद्धा नको." तिने खुर्ची यंत्राजवळ ओढली. "टेप जरा मागे घ्या. आई जेवायला बोलावतेय."