सुटका

पट्टी बदलायला वाकलेल्या नर्सचा फुटलेला ओठ त्या पेशंटच्या नजरेतून सुटला नाही. सारं शहर त्याला दादा म्हणायचं आणि त्याच्या नावाने चळाचळा कापायचं.

"नवरा?" त्याने हळूच विचारलं.

इतक्या मायेने तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती घडाघडा बोलून मोकळी झाली. आठवड्याभरात नवऱ्याचा काटा निघाला. तिला वाईट वाटलं नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली. पुढे ती दादाच्या घरी नांदायला गेली. तिथे तिच्यावर कुणी आवाजही चढवत नव्हतं. फक्त दारावर माणसं असायची आणि ती तिला बाहेर जाऊ द्यायची नाहीत.

एका सकाळी चहा घेताना तिने धीर करून विषय काढला. "मला पुन्हा ड्यूटीवर जायचंय."

दादाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुझा नवरा माझे पाय धरून रडला होता. घटस्फोट देतो, शहर सोडून जातो म्हणाला."

"मग जाऊ द्यायचं ना त्याला."

"दिलं असतं गं," तिच्या केसांवरून हात फिरवत तो म्हणाला, "पण मग तू माझ्याकडे कशाला आली असतीस?"